आकिताहून घातलेली वेणी

ओजस्वी खाडेची वेणी रोज सकाळी जपानमधून घातली जायची, आणि मिरजेतल्या त्यांच्या गल्लीत आता त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. सुरुवातीला वाटलं होतं. शेजारणी वाटीभर साखरेचं निमित्त काढून सकाळी सकाळी दारात यायच्या आणि साखर मिळाली तरी हलायच्या नाहीत. आत स्टुलावर लहानगी ओजू बसलेली असायची. तिच्या मागे लोखंडी खांबाला दोन राखाडी रबरी हात लावलेले होते. ते हात भांग पाडायचे, तेल जिरवायचे, तीन पेड धरून भराभरा वेणी घालायचे आणि शेवटी रिबिनीचं फूल बांधायचे. मधूनच त्या खांबातून आवाज यायचा, "मान सरळ धर की गं. पाखरं नंतर बघ."

आवाज ओजूच्या आजीचा होता आणि आजी होती आकिताला. आकिता हे जपानच्या उत्तरेकडचं बर्फाळ गाव. लोकांची मुलं परदेशी जातात आणि आईबाप मागे राहून फोनची वाट बघतात. खाड्यांच्या घरात गंगा उलटी वाहिली होती. वैजयंता खाडे, म्हणजे मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळातल्या 'खाडे सिस्टर', निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आता त्या नात सांभाळतील आणि उन्हाळ्यात सांडगे घालतील. पण आकिताला म्हातारी माणसं उदंड झाली होती आणि त्यांना उठवायला-बसवायला हात कमी पडत होते. भारतातून, नेपाळातून मुली तिकडे कामाला जात होत्या, आणि त्यांना शिकवायला एक खमकी नर्स हवी होती. "दोन वर्षांत येते," असं सांगून आजी गेली. त्या वेळी ओजू चार वर्षांची होती. आता ती नववीत होती आणि आजीची दोन वर्षं अजून संपायची होती.

आजी गेल्यावर घरात पहिली पंचाईत झाली ती वेण्यांची. ओजूची मम्मी, ऋतुजा, कुपवाडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असायची, ती उजाडायच्या आत घर सोडायची. राहिले पप्पा. संग्राम खाडे रेल्वेच्या सिग्नल विभागात होता. तारांच्या जंजाळातून तो नेमकी हवी ती तार काढायचा, पण मुलीच्या डोक्यावर त्याचं काही चालायचं नाही. त्याने घातलेली एक वेणी कानामागून निघायची आणि दुसरी मानेतून. शाळेचा नियम दोन घट्ट वेण्यांचा. बाईंनी ओजूला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं, आणि संध्याकाळी तिने फोनवर आजीपुढे असा काही गळा काढला की आजीने आपल्या संस्थेतल्या जुन्या हातांची एक जोडी मागून घेतली आणि सरळ मिरजेला पाठवून दिली.

ते हात मुळात म्हाताऱ्यांसाठी बनवलेले होते. नर्सने एका गावात बसून हातमोजे चढवायचे आणि दुसऱ्या गावातल्या आजोबांना पलंगावरून उठवायचं. मोजे नुसते हालचाल पाठवत नसत, पलीकडचा स्पर्शही परत आणत, आणि मनगटांवरच्या कॅमेऱ्यांतून पलीकडचं दिसायचंही. केस किती ताणले गेलेत, गाठ कुठे आहे, हे आजीच्या बोटांना आकितात बसून कळायचं. अडचण एकच होती. समुद्राखालच्या तारांमधून निरोप कितीही वेगाने धावला तरी आकिता ते मिरज आणि परत जायला-यायला पापणी लवण्याएवढा वेळ लागतोच. बोलताना त्याने काही बिघडत नाही. स्पर्शात मात्र तेवढ्याने घोटाळा होतो. केस ताणलेत हे बोटांना कळेपर्यंत ते आणखी ताणलेले असतात आणि पोरगी किंचाळते.

यावर यंत्र बनवणाऱ्यांनी उपाय काढला होता तो अंदाजाचा. मिरजेतला खांब आजीचे हात बघून बघून शिकायचा. या पेडानंतर ती कुठला पेड उचलते, गाठ लागली की कशी बोटांनी मोकळी करते, हे त्याला हळूहळू पाठ होत गेलं. मग आजीची हालचाल पोचायची वाट न बघता तो आधीच हात हलवायचा, आणि खरी हालचाल आली की त्यात बारीकसा फरक करून घ्यायचा. शिवाय मधेच लाईन तुटली तर हातात घेतलेलं काम पुरं करूनच थांबायचं, असा त्याला दंडक होता. त्याला कारणही तसंच होतं. एखाद्या आजोबांना अर्धवट उचललेलं असताना हातांनी काम टाकून कसं चालेल?

हात घरी आले त्या दिवशी संग्रामने त्यांची रीतसर पूजा केली. नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू लागायलाच हवं. खांबाच्या वरच्या टोकाला एक इवलीशी गोल काच होती. ती अगदी कपाळाच्या जागी होती, म्हणून त्याने कुंकवाचं बोट तिथेच टेकवलं. पुढे दर खंडेनवमीला पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि स्कूटर यांच्याबरोबर हातांनाही ताजं कुंकू लागायचं, जुन्यावर नवं. डोक्याचं तेल उडून त्या कुंकवाचा चांगला जाड थर बसला होता. ती काच तिथे कशाला ठेवली असेल, हा प्रश्न सिग्नल विभागातल्या माणसालाही कधी पडला नाही.

ओजू वाढली ती या सकाळच्या अर्ध्या तासात. पाढे तिथेच पाठ झाले. आकितात छपरावरचं बर्फ फावड्याने कसं ओढतात, शेजारचे सातो आजोबा आजीच्या हातची आमटी मागून मागून कशी पितात, हे सगळं तिने मान सरळ धरून ऐकलं. वर्गातली भांडणं तिने आधी आजीला सांगितली आणि मग मम्मीला. वेणी झाली की हात कंगव्यातले केस काढून त्यांचं गुंतवळ करायचे आणि ओजूच्या तोंडासमोर धरायचे. तिने तीनदा थू थू थू करायचं, मगच ते टाकायचं. तसं न केलं तर केस गळतात, असं आजीचं म्हणणं होतं. जपानला जाऊनही ते बदललं नव्हतं.

नववीत गेल्यावर ओजूने एका शिष्यवृत्तीची परीक्षा मनावर घेतली आणि सकाळी कानात इअरफोन घालून धडे ऐकायला लागली. "आजी, सकाळी बोलायला नको ना. आपण रविवारी निवांत बोलू," ती म्हणाली. आजी म्हणाली, "बरं की. अभ्यास महत्त्वाचा." तेव्हापासून सकाळी नुसते हात बोलायचे.

त्याच सुमारास ओजूला केस कापावेसे वाटायला लागले. त्यामागे काही थोर कारण नव्हतं. केस गुडघ्यांशी टेकायला आले होते, मिरजेचा उन्हाळा आता फेब्रुवारीतच सुरू व्हायचा, आणि धुतलेले केस वाळवण्यात अख्खा रविवार जायचा. तिची मैत्रीण तहूरा मुजावर एक दिवस पोरांसारखे केस कापून आली आणि मानेला वारं लागतं तेव्हा कसं वाटतं ते दिवसभर सांगत बसली. ओजूला रात्री त्या वाऱ्याचं स्वप्न पडलं.

पण केस गेले म्हणजे वेणी गेली, आणि वेणी गेली की हातांना काम उरणार नव्हतं. आजी तिथे आणि ओजू इथे. दोघींच्या मधे धरायला एवढीच काय ती एक वस्तू होती, आणि कात्री लावायची तर तिलाच लावायला लागणार होती. आजी रोज चहाची सुट्टी मोडून मोजे चढवते, सहकाऱ्यांना आपल्या नातीच्या केसांचे फोटो दाखवते. तिला सांगायचं तरी कसं?

तिने पप्पांना गळ घातली. "तुम्ही सांगा ना आजीला."

"मी?" संग्रामच्या हातातला पोह्यांचा चमचा खाली आला. "तिला आवडलेल्या शर्टाची बाही मी एकदा कापली होती. पाचवीत होतो. अजून काढती ती विषय. तुझं तूच बघ."

शेवटी एका सोमवारी भांग पडल्यावर ओजूने इअरफोन काढला आणि समोरच्या आरशात बघत एका दमात सांगून टाकलं, "आजी, मला केस कापायचेत. अगदी बारीक. तुला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस बोलले नाही."

हात थांबले नाहीत. पेडावर पेड पडत गेले, रिबिनीचं फूल बसलं, गुंतवळ तोंडासमोर आलं. आवाज काहीच आला नाही. ओजूने कसंबसं थू थू केलं आणि दप्तर उचललं. शाळेत पोचेपर्यंत तिचे डोळे भरून आले होते. आजी रागावली असती तर चाललं असतं. आजीच्या रागाची तिला सवय होती. ही गप्प राहण्याची तऱ्हा नवीन होती.

रविवारी फोनवर आजी लोकरी टोपी घालून बसली होती आणि जणू काही झालंच नाही अशी बोलत होती. अभ्यास कसा चाललाय, सातो आजोबांचा गुडघा कसा आहे, सगळं झालं. केसांचं नावसुद्धा नाही. बघा, कशी वेड पांघरून बसलीय, असं ओजूला वाटलं आणि तिने 'हं' आणि 'नाही' यापलीकडे शब्द काढला नाही. शेवटी आजीच म्हणाली, "ठेवते गं. तुला कामं असतील." दोघींनाही फोन ठेवल्यावर बरं वाटलं नाही.

मग खंडेनवमी आली. आदल्या दिवशी संग्राम हत्यारं पुसायला बसला. हातांच्या खांबावरचा तेलकट थर बघून या वर्षी त्याने स्पिरिटचा बोळा घेतला आणि घासून घासून तो काढला. कुंकवाचं ढेकूळ सुटून जमिनीवर पडलं आणि खालून काच दिसली.

"ओजे, इकडं ये. हितं दिवा हाय." तो डोळे बारीक करून बघत राहिला आणि मग कपाळाला हात लावून खाली बसला. "अरे देवा. आईनं सांगितलं होतं मला, हात पाठवले तेव्हाच. पलीकडं माणूस असला की हिरवा. नुसता अंदाज चालू असला की पिवळा."

ऋतुजा स्वयंपाकघरातून म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांचे सिग्नल पुसताय, आणि घरातला सिग्नल कुंकवानं बुजवलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओजू स्टुलावर बसली ती आरशात फक्त त्या काचेकडे बघत. हात वर आले. दिवा हिरवा लागला. मधोमध भांग पडला, दोन्हीकडचे केस वेगळे झाले, आणि दिवा पिवळा झाला. तो पिवळाच राहिला. एक वेणी झाली, दुसरी झाली, फुलं बांधून झाली. गुंतवळ घेऊन हात तिच्या तोंडासमोर आला तेव्हाही पिवळाच.

"आजी?" ओजूने हाक मारली. उत्तर आलं नाही. हात मात्र थू थू होईपर्यंत गुंतवळ धरून सभ्यपणे थांबला होता.

तिने तसंच उठून फोन लावला. आजीने गडबडीत उचलला. ती खिडकीशी बसली होती, हातात चहाचा पेला, पुढ्यात सोललेलं फळ. टोपी नव्हती. आणि डोक्यावरचा तो करडा अंबाडाही नव्हता. आजीचे केस कानाच्या पाळीपर्यंत कापलेले होते.



"तू केस कापलेस?" ओजू म्हणाली.

"तू आत्ता कसा फोन केलास?" आजीचा हात डोक्याकडे गेला, पण झाकायला जवळ काही नव्हतं. "वेणी झाली न्हाई का अजून?"

"झाली की. तूच तर घातलीस." ओजू म्हणाली. "कधीपासून घालत नाहीस तू, आजी? खरं सांग."

आजीने पेला खाली ठेवला. "आषाढापासून. लाईन गेली होती एकदा, मधेच. मला हितं घाम फुटला, पोरगी अर्ध्या वेणीनं शाळंला जाईल म्हणून. लाईन परत आली तर बघते, तुझ्या दोन्ही वेण्या पुऱ्या, फुलं बी बांधलेली. आणि तू कानात ते घालून पाठांतर करत बसलेली. तुला पत्ताच न्हाई. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भांग पाडला आणि हात काढून घेतले. मोजे काढले की लाईनच बंद, मला हितं तुझं काही दिसत न्हाई की ऐकू येत न्हाई. म्हटलं, आता तरी कळंल. मग रोजच तसं केलं. बघू या, पोरगी कधी विचारती."

"आणि मी विचारलंच नाही."

"न्हाई." आजीने खिडकीकडे बघितलं. "वाईट वाटलं गं मला. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं वेणी घातली, आणि माझा हात कुठला आन् यंत्राचा कुठला, हे तुला कळू नये? मग म्हटलं, खरंच आहे की. केस नीट बसल्याशी मतलब. रोज हितं बसायचे, चहा प्यायचे. एक दिवस बसल्या बसल्या वाटलं, आता आपणच कापून टाकावेत. तर तुला काय वाटंल म्हणून टोपी घालून बसायला लागले."

ओजूला रडूही येत होतं आणि हसूही. "आजी, मी तुला सांगितलं होतं. एका सोमवारी. मला केस कापायचेत, म्हटलं. तू गप्प. मला वाटलं, अबोला धरलास. आठ दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही त्यामुळे."

"मला कधी सांगितलंस?"

"तुला नाही. खांबाला सांगितलं."

आजीला जे हसू फुटलं ते आवरेना. पलीकडून कुणीतरी दार उघडून जपानीत काय झालं म्हणून विचारलंसुद्धा. ओजूने मात्र डोळे पुसले आणि सरळ विचारलं, "तूच कापशील का माझे? यंत्राने नाही. तू."

येत्या रविवारी कापायचं ठरलं. त्या दिवशी ऋतुजा सुट्टीवर होती आणि संग्राम घाबरलेला होता. कात्री उजव्या हातात दिली, आजीने मोजे चढवले, दिवा हिरवा झाला. पण केसांना हात लागल्याबरोबर यंत्राची सवय जागी झाली. डावा हात आपला भराभरा पेड घालायला लागला आणि उजवा कात्रीसकट रिबीन शोधायला लागला. ओजू स्टुलावरून उडी मारून पळाली. संग्रामने खांबाचं मागचं झाकण उघडून अंदाजच बंद केला.

"आता हे हात उशिरा हलणार," तो म्हणाला. "आई, सावकाश. ओजे, तू दगड हो. पापणी बी हलवू नको."

अंदाज नसलेले हात भलतेच अवघडलेले निघाले. कात्री जवळ यायची, थांबायची, आजीला काय लागलं ते कळायची वाट बघायची, मग एकदा कट्‌ वाजायचं. ऋतुजा मानेच्या आणि कात्रीच्या मधे कंगवा धरून उभी होती. कधी आजी म्हणायची, "थांबा, कळलं न्हाई मला," आणि तोच केस पुन्हा चाचपायची. किती वर्षांनी ओजूच्या डोक्याला तो हात जाणवत होता, चुकणारा आणि चुकलं की घाबरून बोटं आखडून घेणारा. डोळे मिटून ती बसली होती आणि मानेला पहिल्यांदा वारं लागलं तेव्हा म्हणाली, "आजी, तहूरा म्हणत होती तसंच आहे गं."

"मला बी तसंच वाटलं होतं," आजी म्हणाली.

केस वाकडे कापले गेले. डावी बाजू कानाखाली राहिली आणि उजवी कानाच्या वर. ऋतुजाने आरसा धरला. संग्राम म्हणाला, "मी वेण्या घालायचो त्यापेक्षा बरंय." शाळेत सोमवारी काय काय ऐकून घ्यावं लागणार, याची ओजूला कल्पना होती. तरी दिवसभर ती येता-जाता आरशासमोर थांबत राहिली.

सोमवारी सकाळी ती सवयीने स्टुलावर येऊन बसली आणि मग तिच्या लक्षात आलं, की बसायचं कारणच संपलंय. कानात इअरफोन नव्हता. समोर आरशात दिवा हिरवा लागला. हात वर आले आणि तसेच हवेत राहिले.

"आजी, आहेस?"

"आहे की. तू आहेस का?"

"आहे. पण वेणी नाही आता."

"तेच बघत बसलीय मी. हात तर घातले. आता काय करावं, काही सुचंना."

यंत्रालाही सुचत नव्हतं. अंदाज बंद होता, आणि चालू असता तरी या सकाळसाठी त्याच्याजवळ काही नव्हतं. स्वयंपाकघरात संग्रामचे पोहे परतल्याचा आवाज येत होता. आजीला काय करायचंय ते बघायला ओजू मागे वळली, तेवढ्यात डावा हात निघालेला होता. तो डोक्याकडे यायचा तो येऊन तिच्या नाकावर टेकला.

"मान सरळ धर म्हटलं की," आजी म्हणाली.

"तू कधी म्हटलंस?"

"आत्ता. पोचलं नसंल अजून. थांब जरा, मी येते."

ओजूने हसू आवरलं, मान सरळ केली आणि हात पोचायची वाट बघत बसून राहिली.